ताईच्या हाताला काय काय येतं

९ फेब्रुवारी

बुडाली ती कंपनी! बुडायचं तर खुशाल बुडा, पण जाताना माझ्या बहिणीचा हात बरोबर घेऊन बुडता होय रे?

दुपारी ताईचा फोन. आवाज एकदम शांत. ताईचा आवाज शांत झाला की समजावं, काहीतरी मोठं बिघडलंय. म्हणाली, "अ‍ॅप उघडत नाहीये. नुसतं गोल फिरतंय." ऑफिसातून थेट तिच्याकडे गेले. खरंच गोल फिरत होतं. अपघातानंतर उजव्या कोपराखाली बसवलेला हा हात — काळा, चकचकीत, पाच बोटांचा — फोनवरच्या त्या अ‍ॅपशिवाय निव्वळ ठोंब्या आहे. कोणती पकड घ्यायची ते अ‍ॅप सांगतं. मग ताईने कोपराखालचे स्नायू आवळले की हात ती पकड घेतो. चिमूट, किल्ली धरायची पकड, पेन धरायची पकड. पण अ‍ॅप उघडताना आधी कंपनीच्या सर्व्हरला विचारणार — उघडू का? आता विचारायला तिकडे कुणी उरलेलंच नाही. म्हणून हात गेलाय 'सुरक्षित अवस्थेत'. सुरक्षित म्हणजे फक्त मूठ. उघड मूठ, मीट मूठ. बास.

भावोजी म्हणाले, "बघा मेहुणीबाई, आता घरात वाद घालायचीही सोय राहिली नाही. समोर सतत मूठ!" कुणीच हसलं नाही. तेही नाही.

१२ मार्चला शाळेत ताईची परीक्षा आहे. अपघातानंतर तिला प्रयोगशाळेतून उचलून ग्रंथालयात बसवलं. अठरा वर्षं रसायनशास्त्र शिकवलेली बाई आता पुस्तकांवर शिक्के मारते! किती अर्ज, किती भेटी झाल्या, तेव्हा कुठे शाळा समिती कबूल झाली — आमच्यासमोर दोन्ही हातांनी प्रयोग करून दाखवा, मग प्रयोगशाळा परत. आणि आता हे.

१० फेब्रुवारी

कंपनीला मेल केला. चक्क लगेच उत्तर! 'आपला मेल पोचू शकला नाही.'

११ फेब्रुवारी

हात बसवून देणारे तंत्रज्ञ म्हणतात, दुसऱ्या कंपनीचा घ्या. माप घेणं, साचा, मंजुरी, सराव — पावसाळा उजाडेल म्हणाले. मी म्हटलं, आम्हाला १२ मार्चला हवाय. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी चंद्र मागितला.

परतताना गाडीत ताई खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "जाऊ दे गं. शिक्के मारायला एक हात पुरतो."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "मी चालू करते तो हात."

कसं ते माहीत नाही. तोंडातून निघून गेलं. आता मागे कसं घेणार! मी काय करते पोटापाण्यासाठी? लिफ्टचं सॉफ्टवेअर सांभाळते. चौथ्या मजल्यावर बोलावली तर चौथ्या मजल्यावर यावी, एवढं बघते. कृत्रिम हाताच्या वाटेला जन्मात गेले नव्हते.

१४ फेब्रुवारी

आज शनिवार. सकाळपासून बसले. आणि — सापडली वाट! निदान वाटेचं तोंड तरी.

ताईच्या फोनमधून ते मेलेलं अ‍ॅप बाहेर काढलं, सोलून पाहिलं. आत दोन भाग आहेत. एक भाग म्हणजे पडद्यावरची बटणं, चित्रं, सर्व्हरशी बोलणं. दुसरा भाग म्हणजे हाताशी बोलणारी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा गठ्ठा. खरी अक्कल या दुसऱ्या भागात. पण ती मिळाली तयार, बांधलेल्या रूपात. कुणी काय लिहिलं, का लिहिलं, कागद नाही, टिपण नाही, काही नाही. बंद डबा.

मग आठवलं रिफ्लेक्शन. इतकी वर्षं नोकरीत कधी धड वापरलं नाही. मुलाखतीत विचारतात म्हणून पाठ करायचं आणि विसरायचं. पण गोष्ट अफलातून आहे. आमच्या जगात क्लास म्हणजे साचा, ऑब्जेक्ट म्हणजे त्या साच्यातून काढलेली वस्तू, आणि मेथड म्हणजे त्या वस्तूला करता येणारं काम. एरवी आपण कोड लिहिताना आधीच माहीत असतं, कुणाला काय येतं. रिफ्लेक्शनमध्ये उलटं. प्रोग्रॅम चालू असताना समोरच्या वस्तूलाच विचारायचं — बाई, तू कोणत्या साच्यातली? तुला काय काय येतं? पोटात काय ठेवलंयस? आणि ती सांगते! मुकाट्याने सगळी नावं पुढ्यात ठेवते. मग त्यातलं नाव घेऊन म्हणायचं, हे कर. ती करते.

एकच धाकधूक होती. बऱ्याच कंपन्या बाहेर देताना सगळी नावं पुसून अ, ब, क अशी करून टाकतात, कुणी डोकावू नये म्हणून. तसं असतं तर माझी बोंबच होती. दहा ओळींचा कोड लिहिला, चालवला, आणि डोळे मिटून घेतले.

उघडले तर — ओळीने नावं! खरी नावं! मूठ. चिमूट. किल्ली-पकड. पेन-पकड. बॅटरी किती. त्यांच्यातला कुणीतरी आळशी होता, नावं पुसायचा राहिला. जिथे असशील तिथे सुखी राहा रे बाबा!

ताईला फोन केला आणि नुसती ओरडलेच. तिला काही कळलं नाही. "बरं, जेवलीस का?" म्हणाली.

१५ फेब्रुवारी

ताईला समजावत होते. साचा, वस्तू, मेथड — तिचा चेहरा कोरा. ग्रंथालयात बसून बसून झोप लागल्यासारखा. मी म्हटलं, अगं, डबा फोडायचा नाही, त्यालाच प्रश्न विचारायचे, आणि उत्तरावरून ओळखायचं—

एकदम ताठ बसली. "म्हणजे अनोळखी क्षार!"

आणि मग काय विचारता! दहावीच्या पोरांना नाव नसलेल्या पांढऱ्या पुड्या कशा देते, पोरं आधी पाण्यात विरघळवून कशी बघतात, ज्योतीत कोणता रंग येतो, आम्ल घातलं की बुडबुडे येतात का — सगळं हातवारे करून. मुठीने. मूठ टेबलावर आपटत म्हणाली, "चव घ्यायची नाही, एवढंच सांगते मी त्यांना. बाकी सगळं विचारा. क्षार खोटं बोलत नाही."

गेल्या दीड वर्षात तिला असं बोलताना पाहिलं नव्हतं. भावोजी स्वयंपाकघराच्या दारात नुसते उभे होते, पुसायचा कपडा खांद्यावर टाकून.

१७ फेब्रुवारी

नावं मिळाली, हात हलत नाही. चिमूट म्हटलं की लायब्ररी म्हणते 'परवानगी नाही'. आतमध्ये कुठेतरी तिलाही तो मेलेला सर्व्हरच हवाय.

१८ फेब्रुवारी

जेवणाच्या सुट्टीत आमच्या स्वच्छतादूताला दाखवलं. हा माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. कामात हुशार, पण कोडमध्ये एक रिकामी ओळ जास्त दिसली तरी याला रात्री झोप लागत नसावी. टेबलावर पेनंसुद्धा उंचीनुसार. म्हणूनच हे नाव, आणि त्याला ते आवडतंही.

स्क्रीन बघून नाक मुरडलं. "रिफ्लेक्शन? चोरवाट आहे ती. उद्या कुणी कोड वाचला तर कसं कळणार कोण कुणाला बोलावतंय? साध्या कोडमध्ये कसं, दारावर पाटी असते. तुझं हे म्हणजे अंधारात नाव घेऊन हाका मारणं."

"दार बंद आहे. पाटी लावणारे पळून गेलेत. हाकाच मारणार ना मी?"

"मग खाजगी भागसुद्धा बघितलेस का?" हळूच विचारलं. तत्त्वं बाजूला! "बाहेरच्यांसाठी नसलेली खाजगी माहितीही रिफ्लेक्शनने उघडता येते. फक्त आधी कडी काढायला सांगावं लागतं."

अरे! मला सुचलंच नव्हतं. त्याला म्हटलं, तू माणूस मोठा आहेस. "पण चोरवाट ती चोरवाटच," म्हणाला, आणि स्वतःचा डबा धुवायला गेला.

२० फेब्रुवारी

जमलं!!!

कडी काढली. आत एक इवलासा खाजगी खण. 'सर्व्हरने होकार दिलाय का' — त्यात फक्त खरं किंवा खोटं. एवढ्यावर माझ्या बहिणीचा हात अडला होता! त्यात होतं 'खोटं'. मी लिहिलं 'खरं'.

चिमूट म्हटलं. टेबलावर काढून ठेवलेल्या हाताचा अंगठा आणि तर्जनी एकमेकांना टेकली. टक् असा आवाज झाला.

मी खुर्चीवर उभी राहून नाचले. ताई म्हणाली पडशील. पडले नाही.

२२ फेब्रुवारी

आज तर कहरच झाला.

खाजगी मेथडची यादी काढली. त्यात एक असं नाव, जे त्यांच्या अ‍ॅपमध्ये कुठे म्हणजे कुठेच नव्हतं. 'बोट ठेव'. आत दोन आकडे घेते. बहुतेक कारखान्यात तपासणीसाठी केलेली असावी, नंतर गिऱ्हाइकापासून लपवून ठेवली. म्हणजे एकेक बोट वेगळं हलू शकतं! कंपनी जिवंत होती तेव्हाही ताईला मिळायच्या त्या चार ठरलेल्या पकडी. हात देऊन बोटं लपवली मेल्यांनी.

पण दोन आकडे कसले? रिफ्लेक्शन नावं सांगतं, किती आकडे लागतात ते सांगतं, अर्थ सांगत नाही. पहिला बोटाचा नंबर असावा. दुसरा काय — अंश? टक्के? हात काढून टेबलावर ठेवला, उशीला टेकवला आणि अगदी लहान आकड्यांपासून सुरुवात केली. दोन, दहा. उठलं ते नेमकं मधलं बोट. एकटंच. ताठ. सरळ भावोजींच्या तोंडासमोर.

ताई इतकी हसली की डोळ्यांतून पाणी. "बारा तारखेला समितीला हेच दाखवू का गं?" भावोजी म्हणाले, "प्रयोगशाळा राहू दे, निवृत्तीच देतील."

मग एकेक आकडा वाढवत गेलो. ताईने प्रत्येक बोटाचा तक्ता मांडला — आकडा इतका, बोट इतकं वाकलं. डाव्या हाताने लिहीत होती, भराभर, सुंदर अक्षर. नव्वदच्या पुढे बोट थरथरतं, म्हणून तिथे हद्द घातली. शास्त्रज्ञ बाई आहे ती. मी नुसती हाका मारणारी.

२६ फेब्रुवारी

करंगळी उलट दिशेने मोजते. का? देव जाणे.

१ मार्च

माझं स्वतःचं अ‍ॅप तयार होत आलं. चार जुन्या पकडी बाहेरच्यांसाठी खुल्या होत्या, त्या आता सरळ बोलावते, पाटीवरून. बोटांची ती लपवलेली मेथड मात्र रिफ्लेक्शननेच, नाव घेऊन. ताईने स्वतःच्या पकडी बनवल्या — परीक्षानळी-पकड, पिपेट-पकड. पिपेटमध्ये तर तर्जनी वरच्या तोंडावर बसते आणि एवढीशी उचलली की थेंब सुटतो! अ‍ॅपमध्ये नाव द्यायला विचारलं तर म्हणाली, "थेंब."

आज तिने नळातलं पाणी त्या पकडीने थेंब थेंब सोडलं. वीस मिनिटं. मी कंटाळले, ती नाही.

मला वाटतं माझ्या आयुष्यात मी केलेली ही सगळ्यात भारी गोष्ट आहे. लिहूनच ठेवते. कुणी वाचणार नाही, मग लाज कसली!

६ मार्च

फोनवर कायमचं बसवायचं तर अ‍ॅप नीट बांधून, म्हणजे सगळा कोड एका गाठोड्यात आवळून, घ्यायला हवं. स्वच्छतादूत म्हणाला, "दे, मी बांधतो. तू घाईत घाण करतेस." दिलं. तासाभरात आणून दिलं, छाती फुगवून. "आकार अर्ध्यावर आणला! किती कचरा होता आत."

कृतज्ञता म्हणून त्याला कॉफी. मशीनचीच, पण भावना खरी.

८ मार्च

कशाला लिहू! पण लिहिल्याशिवाय छाती मोकळी व्हायची नाही.

ताईकडे रंगीत तालीम. शाळेतून तिने एक पिपेट आणि परीक्षानळ्या आणल्या होत्या. भावोजी समिती झाले, चष्मा नाकावर ओढून. मी मुख्याध्यापिका. ताईने एप्रन घातला. अपघातानंतर पहिल्यांदा घातलेला पाहिला मी.

चिमटीत काचेची नळी उचलली — सुरेख. टेबलावरून उचलून नजरेसमोर धरली — सुरेख. मग 'थेंब'. ताईने स्नायू आवळला. अ‍ॅप गपकन बंद. फोनशी संबंध तुटला तसा हात सुरक्षित अवस्थेत गेला. म्हणजे मूठ. काचेसकट मूठ.

काचेचा चुरा झाला. हाताला काय, तो काळाच आहे, त्याला कापत नाही. पण एक तुकडा उडून ताईच्या गालाला लागला. छोटासाच. रक्ताचा एक ठिपका. ती खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "त्यात आम्ल असतं तर?"

भावोजी केरसुणी घेऊन आले.

"पोरांसमोर असं झालं तर, शहाणे?" लहानपणापासून मला शहाणीच म्हणते ती. पण आजची हाक वेगळीच लागली. मी म्हटलं, मी शोधते काय झालं ते. म्हणाली, "पुरे आता." हात काढून टेबलावर ठेवला आणि आत निघून गेली.

निघताना भावोजींनी तो हात आणि तिचा फोन माझ्या पिशवीत घातले. चार दिवस राहिलेत. गेल्या आठवड्यात शंभर वेळा चाललं. मग आजच काय धाड भरली?

९ मार्च

सापडलं! आणि सापडलं तेव्हा हसावं का कुणाचा गळा धरावा ते कळेना.

सकाळी ऑफिसात आल्याबरोबर अ‍ॅपची चूक-नोंद उघडली. 'बोट ठेव नावाची मेथड अस्तित्वात नाही.' अस्तित्वात नाही? मी स्वतः तिला हजारदा बोलावलंय! मी लायब्ररीला पुन्हा विचारलं. माझ्या मशीनवर आहे. ताईच्या फोनवर नाही. कुठे गेली? चालत गेली?

आणि मग त्याचं ते वाक्य कानात वाजलं. आकार अर्ध्यावर आणला.

शेजारी वळले. "बांधताना काय काय काढलंस?"

"न वापरलेलं सगळं. नेहमीचंच. जे कुणी बोलावत नाही, ते साफ करणारा पर्याय—" आणि मधेच थांबला. त्याचा चेहरा कसा उतरत गेला ते लिहिता येणार नाही मला. "कुणीच बोलावत नव्हतं तिला..."

"मी बोलावते! मी! नाव घेऊन!"

अख्खा मजला बघायला लागला. पण झालं ते असं — साफसफाई करणारं यंत्र कोड वाचून बघतं, कोण कुणाला बोलावतंय. ज्याला कुणी बोलावत नाही ते फेकून देतं. आणि रिफ्लेक्शनची हाक कोडमध्ये दिसतच नाही, ती चालू असतानाच मारली जाते. यंत्राला वाटलं ही पडीक मेथड आहे. काढा! अशी चूक आमच्याच धंद्यात होऊ शकते. घर झाडताना माणूसच केरात गेला.

तो म्हणाला, "मी तुला सांगितलं होतं, चोरवाट..." आणि माझं तोंड बघितलं. मग एकदम उठला. "ताईंना लागलं का?" मी गालावर बोट ठेवून दाखवलं. मटकन खाली बसला बिचारा. मघाशी गळा धरणार होते, आता मीच पाणी आणून दिलं. अर्धी चूक माझीही आहे. बांधलेलं अ‍ॅप एकदाही न तपासता मी तिच्या फोनवर टाकलं. माझ्या मशीनवर चालतं ना, मग झालं! लिफ्टच्या बाबतीत असं केलं असतं तर मीच कुणाला तरी हाकलून दिलं असतं.

दुरुस्ती? एक ओळ. साफ करणाऱ्याला सांगायचं, हिला हात लावू नकोस. ती ओळ त्यानेच लिहिली. शिवाय दुसरी गोष्ट मी घातली, आणि ही जास्त महत्त्वाची — अ‍ॅप बंद पडलं तरी हाताने मूठ मिटायची नाही. आहे तिथे, आहे तसं थांबायचं. तेही खाजगी खणांत सापडलं. संध्याकाळपर्यंत दोघं बसून मुद्दाम अ‍ॅप पाडत होतो. जेवढ्या वेळा पाडलं, तेवढ्या वेळा हात जागच्या जागी थांबला. एकदा त्याच्याच पेनवर. "माझं आवडतं आहे," म्हणाला, पण ओढून घेतलं नाही.

१० मार्च

ताईकडे गेले. दार उघडलं, पण आत ये म्हणाली नाही. मी उंबऱ्यावरूनच सगळं सांगितलं. केरात गेलेली मेथड, त्याचा उतरलेला चेहरा, सगळं. ऐकता ऐकता तिच्या तोंडाचा कोपरा हलला. "म्हणजे साफसफाईवाल्याने माझा क्षार ओतून टाकला."

"हो."

"शाळेत दरवर्षी एकदा होतं असं." आणि बाजूला झाली. आत गेले. हात परत दिला, फोनमध्ये नवं अ‍ॅप टाकलं. चालू असताना मी मुद्दाम बंद पाडून दाखवलं, तीन काचनळ्या हातात देऊन. एकही फुटली नाही. चौथ्यांदा तिने स्वतः पाडलं. बघितलं. पुन्हा पाडलं.

"येतेस बारा तारखेला?" म्हणाली. विचारते काय!

१२ मार्च

जिंकलो! जिंकलो! जिंकलो!

पहिल्यापासून लिहिते. प्रयोगशाळा. लांब दगडी टेबलं, आम्लाने पडलेले डाग, कोपऱ्यात टपटप गळणारा नळ. समितीचे तिघं आणि मुख्याध्यापिका पहिल्या बाकावर. मला मागे बसायची परवानगी, बोलायची नाही. माझी नखं मीच खाल्ली सगळी.

समितीतले एक गृहस्थ सुरुवातीलाच म्हणाले, "बाई, दडपण घेऊ नका, नाही जमलं तरी ग्रंथालय आहेच." ताई म्हणाली, "साहेब, चष्मा घाला. डोळ्यांत उडेल." आणि चौघांना संरक्षक चष्मे वाटले. मुख्याध्यापिकांनासुद्धा! झालं, तिथेच सगळे विद्यार्थी होऊन गेले.

मग काय ती बाई पेटली! बर्नर पेटवला. पिपेटने द्रव ओढला, तर्जनी वर, आणि — थेंब. थेंब. थेंब. नेमका गुलाबी रंग आला तेव्हा थांबली. गुलाबी म्हणजे किती, पाण्यात जेमतेम दिसेल इतका. मी दहावीत करायचे तेव्हा माझा भडक जांभळा व्हायचा आणि ती घरी मला चिडवायची. मग परीक्षानळी ज्योतीवर तिरकी. बोलणं अखंड चालू, प्रश्न त्यांनाच. "साहेब, आता कोणता वायू निघाला असेल?" साहेबांना सांगता आलं नाही. "बसा," म्हणाली. ते उभे नव्हतेच, तरी जरा खाली सरकले.

शेवटी मुख्याध्यापिकांनी विचारलं, "हा हात भरवशाचा आहे का?" ताईने काय केलं? नळी हातात असतानाच डाव्या हाताने फोन बंद केला. पूर्ण. काळा पडदा. हात जागच्या जागी. नळी जागच्या जागी. एक थेंब सांडला नाही. "बिघडला तर असा बिघडतो," म्हणाली.

सोमवारपासून प्रयोगशाळा तिची. तिथल्या तिथे सांगितलं.

बाहेर आल्यावर व्हरांड्यात मी तिला उचललं. खरोखर उचललं. ओरडली, कंबर मोडशील! भावोजींना फोन केला तर ते नुसते हूं, हूं करत राहिले.

मी केलं हे. आम्ही केलं. कुणी लपवलेलं, कुणी बंद केलेलं, कुणी केरात टाकलेलं, ते आम्ही नाव घेऊन बोलावून आणलं. आज कुणी येऊन मला डोंगर हलव म्हणालं तर मी विचारीन, कुठे ठेवू?

१३ मार्च

ऑफिसात केक. स्वच्छतादूताने कापला, सगळे तुकडे एकाच मापाचे.

१६ मार्च

ताईचा प्रयोगशाळेतला पहिला दिवस. सकाळी नुसता एप्रनचा फोटो पाठवला. मी तो टेबलावर लावलाय.

२२ मार्च

अ‍ॅप आणि कोड सगळ्यांसाठी खुला करून टाकला होता, त्याच कंपनीचे हात असलेल्यांसाठी. आज एका अनोळखी बाईंचा मेल. 'काल मुलीचे केस विंचरले.' बास, एवढंच वाक्य. पाचदा वाचलं. मग स्वच्छतादूताला पाठवलं. त्याचं उत्तर — 'तिच्या फोनवर मेथड शाबूत आहे ना, विचार.'

२९ मार्च

रविवार. ताई-भावोजी जेवायला. ताईने हाताने वाढलं, 'थेंब' पकडीने लिंबू पिळून दाखवलं, शेजारच्या काकूंसमोर मी तिला मधलं बोटसुद्धा हलवायला लावलं. काकू म्हणाल्या, "कमाल आहे बाई तुझी!" — मला, ताईला नव्हे. मीही लाजले नाही. भावोजी मात्र आज जरा गप्प होते. मी चिडवलं तर ताटात बघत राहिले.

२ एप्रिल

ऑफिसला सुट्टी होती, न सांगता शाळेत गेले, तिला चकित करू म्हणून.

प्रयोगशाळेच्या दारातून बघितलं. नववीचा वर्ग. ताई. उजवी बाही कोपराजवळ दुमडून टाचलेली, रिकामी. नळ्या स्टँडला, बाटली बगलेत, बूच दातांत, डावा हात असा भराभर चाललेला की मला नजरेने पकडता येईना. पोरी तिच्याभोवती. त्या एका हाताकडे कुणी बघतसुद्धा नव्हतं.

हात कपाटात होता. पहिल्या सोमवारपासून.

मधल्या सुट्टीत माझ्यापाशी आली. "बंद पडलेला असताना काढला असता तर सगळे म्हणाले असते, बाई हरल्या. मलाही तसंच वाटलं असतं. आता चालतो. आता मी ठरवून काढलाय."

मी म्हटलं, मग रविवारी का घालून येतेस?

"तू इतक्या हौसेने चालू करून दिलास ना गं."